पेरभर बेडकाचं नाव

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘अनोळखी शेजारी’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात माणसं असावीत. पण नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, दिघ्यात, दर पावसाळ्यात एक शेजारी घराघरांत शिरतो आणि त्याचं नाव सहसा कोणालाच ठाऊक नसतं. न्हाणीघराच्या मोरीत, जिन्याखाली उपड्या घातलेल्या बादलीत, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत, पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात तो अचानक दिसतो. बोटाच्या एक-दोन पेरांएवढा, मातकट, पाठीवर बारीक खरखर, डोळे मात्र अंगाच्या मानाने मोठे. कोणी त्याला केरसुणीने बाहेर लोटतं, कोणी फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं आणि विचारतं, हा कुठला बेडूक? उत्तरं लगोलग येतात. पिल्लू आहे, विषारी आहे, साधाच आहे. तिन्ही उत्तरं बहुधा चुकीची असतात, पण तो प्रश्न मात्र अगदी योग्य आहे. भारतातल्या बेडकांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला बराचसा अभ्यास याच प्रश्नाभोवती फिरला आहे. या लेखातलं माझं म्हणणं असं: लहान बेडकाची प्रजाती त्याच्या रूपावरून वाचता येत नाही, ती साक्षीपुरावे जुळवून ठरवावी लागते. आणि पुरावा जिथे संपतो तिथे थांबून ‘इथपर्यंतच सांगता येतं’ असं म्हणणं, हे पूर्ण उत्तर आहे.

डोंगर आणि खाडी यांच्यामधली पट्टी

पहिली साक्ष जागेची. दिघा नकाशावर पाहिलं तर पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या अरुंद पट्टीत ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वेमार्ग, एमआयडीसीचे कारखाने आणि दाटीवाटीची वस्ती. जानेवारी २०२४ मध्ये इथे दिघा गाव हे रेल्वे स्थानक सुरू झालं. खाडीच्या बाजूचं पाणी खारं. बेडकाची त्वचा पाणी आत-बाहेर जाऊ देते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी निघून जातं. आग्नेय आशियातल्या खारफुटीत राहणारा खेकडेखाऊ बेडूक हा मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणजे दिघ्यातला बेडूक खाडीकडून आलेला असण्याची शक्यता फारच थोडी. त्याचं माहेर डोंगराकडे. पारसिकच्या उतारावरून पावसाळ्यात वाहणारे ओहोळ, इलठणपाड्याचं ब्रिटिशकालीन धरण, जुन्या दगडखाणींत साचलेली डबकी, आणि कारखान्यांच्या कुंपणांमागे गवत माजलेले मोकळे भूखंड. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढ्या काळात अंडी घालायची, बेडूकमाशांनी पाय फोडून बाहेर पडायचं आणि पाणी आटण्याआधी जमिनीत किंवा दगडाखाली जागा शोधायची. वस्तीत शिरलेला बेडूक पुष्कळदा याच धावपळीतला असतो.

जागेची साक्ष इतकी महत्त्वाची का, ते एका उदाहरणावरून कळतं. प्राणिशास्त्रात नव्या प्रजातीचं नाव जाहीर करताना एक नमुना आणि तो जिथे मिळाला ते ठिकाण त्या नावाशी कायमचं बांधलं जातं. पुढे कोणालाही शंका आली की त्या नमुन्याकडे किंवा त्या ठिकाणी परत जावं लागतं. ‘बॉम्बेएन्सिस’ हे नाव वाचून कोणालाही वाटेल की तो झुडपी बेडूक मुंबईचा. नेल्सन ॲनंडेल यांनी १९१९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांच्या अभ्यासातून, आणि मूळ ठिकाण आहे कॅसल रॉक, आजच्या कर्नाटकात, गोव्याच्या सीमेजवळ. दिघ्यापासून ते शेकडो किलोमीटर लांब. तेव्हा ठाण्याच्या डोंगरातल्या एखाद्या झुडपी बेडकाला हे नाव लावायचं, तर कॅसल रॉकच्या बेडकाशी त्याचं शरीर, आवाज आणि जनुक जुळतात का हे आधी दाखवावं लागेल.

जागेची साक्ष कधी फसवतेही, आणि दिघ्यासारख्या ठिकाणी हे विसरून चालत नाही. रस्त्यावरून रात्रंदिवस मालाचे ट्रक जातात, रोपवाटिकांतून कुंड्या आणि माती येते. प्युर्टो रिकोचा कोकी नावाचा छोटा बेडूक १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोपवाटिकांतल्या झाडांबरोबर हवाई बेटांवर पोहोचला. त्याच्या अंड्यातून बेडूकमासा निघत नाही, थेट छोटा बेडूकच बाहेर पडतो, त्यामुळे त्याला तळ्याची गरजही पडली नाही आणि तो तिथे पक्का बसला. आपल्याकडचा मोठा पिवळा बेडूक माणसाच्याच हातून अंदमानात गेला, बहुधा मत्स्यबीजाबरोबर, आणि आता तिथल्या लहान प्राण्यांवर ताव मारतो. म्हणून कुंडीत बेडूक सापडला तर कुंडी किती दिवसांपूर्वी आणि कुठून आणली, ही माहिती बेडकाच्या फोटोइतकीच मोलाची.

लहान की बाळ?

दुसरी साक्ष वयाची, आणि इथेच सगळ्यांत जास्त गफलत होते. लहान दिसणारा बेडूक दोन कारणांनी लहान असू शकतो. एकतर तो मोठ्या प्रजातीचं पिल्लू असतो, नाहीतर पूर्ण वाढूनही तेवढाच राहणाऱ्या प्रजातीचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला शेकडोंनी टुणटुण उड्या मारणारे काळपट, जेमतेम सेंटिमीटरभराचे जीव बहुतेक वेळा आपल्या नेहमीच्या भेकाची, डुट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टसची, पिल्लं असतात. मोठ्या भेकाच्या डोळ्यांभोवतीच्या काळ्या कडा आणि कानामागच्या फुगीर विषग्रंथी या वयात नीट दिसत नाहीत, त्यामुळे ओळखीची खूणच गायब असते. मोठ्या पिवळ्या बेडकाचं, हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसचं पिल्लूही काही आठवडे पेरभरच असतं. शेपटीचा बारीकसा खुंट अजून शिल्लक असेल तर शंकाच नको, ते नुकतंच पाण्याबाहेर आलेलं आहे.

मोठेपणाची खूण नरावर शोधणं सोपं. नराच्या गळ्याखाली आवाजाची पिशवी असते आणि ती फुगलेली नसली तरी तिथली कातडी सैल, काळपट दिसते. विणीच्या दिवसांत त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी खरखरीत गादी उमटते, मादीला घट्ट धरण्यासाठी. अडीच सेंटिमीटरच्या बेडकाचा गळा काळा असेल आणि तो रात्री ओरडत असेल, तर तो पिल्लू नाही, संसाराला लागलेला पूर्ण वाढीचा गृहस्थ आहे. इतकी एक गोष्ट निश्चित झाली की संशयितांची यादी एकदम आखूड होते.

मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पूर्ण वाढूनही लहान राहणाऱ्यांत ठळक दोन. एक मायक्रोहायला, अरुंद तोंडाचा. वरून पाहिला तर अंग त्रिकोणी, डोकं निमुळतं, कानाचा पडदा कातडीखाली लपलेला, पाठीवर फांद्या फुटल्यासारखी गडद नक्षी आणि कुशीवरून गेलेला काळा पट्टा. मुंग्या आणि वाळवी हा त्याचा आहार. दुसरा क्रिकेट फ्रॉग, म्हणजे मिनर्वार्या या जीनसमधले बेडूक. यांच्या पाठीवर चामखिळी आणि तुटक वळ्या, कानाचा पडदा स्पष्ट, आणि पोटाच्या दोन्ही कडांना काखेपासून जांघेकडे जाणारी एक फिकट रेघ. पाठीच्या मधोमध पांढरी रेघ असलेले आणि नसलेले असे दोन्ही एकाच डबक्यात सापडतात, म्हणून त्या रेघेवरून प्रजाती ठरवू नये. बोटांच्या टोकांना चकत्या असतील तर मात्र हे दोन्ही बाद. मग ते झाडावर चढणाऱ्यांपैकी, बहुधा आपल्या घरांत भिंतीला चिकटून बसणाऱ्या पॉलिपिडेटसचं पिल्लू, किंवा डोंगराजवळ असाल तर झुडपी बेडूक. मागच्या पायाच्या टाचेशी फावड्यासारखा कडक उंचवटा असेल तर तो जमीन उकरणारा स्फेरोथेका. बोटांमध्ये टोकापर्यंत पडदे आणि डोळे डोक्याच्या वर असतील, तर पाण्यावर तरंगणाऱ्या युफ्लिक्टिसचं लेकरू.

आसपासचं पाणीही बोलतं. भेकाची अंडी लांबच लांब चिकट दोऱ्यांत ओवलेली असतात. मायक्रोहायलाची पाण्याच्या पृष्ठभागावर एका थरात, साय धरावी तशी पसरतात, आणि त्याचे बेडूकमासे इतके पारदर्शक की आतडी दिसावीत. पॉलिपिडेटस पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा टाकीच्या भिंतीला फेसाचा गोळा चिकटवतो आणि पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात. घरात सापडलेल्या बेडकाची ओळख कधी कधी शेजारच्या डबक्यात वाकून पाहिल्यावर पक्की होते.

शंभर वर्षं एकाच नावाखाली

आता अडचणीची गोष्ट. समजा दिघ्यातला बेडूक पाहून कोणी ठरवलं की हा मिनर्वार्या, नर, पूर्ण वाढीचा, तीन सेंटिमीटर. तरी प्रश्न सुटत नाही, कारण या जीनसच्या आत शिरलं की रूप जवळजवळ निरुपयोगी ठरतं. विसाव्या शतकात बराच काळ भारतातल्या अशा बेडकांना सरसकट लिम्नोकॅरिस म्हणत. ते नाव १८२९ मध्ये प्रसिद्ध झालं जावा बेटावरच्या बेडकावरून. भातखाचरात राहणारा, मातकट, लहान, म्हणून जावाचा आणि कोकणातला एकच, असा हिशेब. ॲनंडेल हे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक. सह्याद्रीतला बेडूक जरा वेगळा असल्याचं त्यांनी १९१९ मध्ये हेरलं होतं आणि त्याला सह्याद्रेन्सिस असं नावही दिलं, पण उपप्रजाती म्हणून. त्या नावाला स्वतंत्र प्रजातीचा मान मिळायला बराच काळ जावा लागला.

पुढे कुरामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य पश्चिम घाटातल्या या बेडकांचे आवाज आणि जनुकं एकत्र तपासली आणि २००७ मध्ये एकदम चार नव्या प्रजातींचं वर्णन केलं. डोळ्यांना एक दिसणारे चौघे निघाले. २०१८ मध्ये दक्षिण आशियातला हा सगळा गट फेजर्वार्या या जीनसमधून मिनर्वार्यात हलवला गेला. २०१९ मध्ये समाधान फुगे, के. पी. दिनेश आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या उत्तर सह्याद्रीतून आणखी एक वेगळा काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘मराठी’. शेताच्या बांधावर, साचलेल्या पाण्याकाठी राहणारा बेडूक, आणि त्याला स्वतःचं नाव मिळायला २०१९ उजाडावं लागलं. अरुंद तोंडाच्या मायक्रोहायलाचीही तीच कथा. बांगलादेशातल्या निलफामारीतून २०१५ मध्ये एक नवी प्रजाती जाहीर झाली, आणि मग लक्षात आलं की भारतातही अनेक ठिकाणी ऑर्नाटा म्हणून नोंदवलेले बेडूक प्रत्यक्षात हेच आहेत. जुन्या याद्यांतलं ‘मायक्रोहायला ऑर्नाटा’ आज वाचताना प्रत्येक वेळी विचारावं लागतं, कुठला?

उलटही घडतं. टी. सी. जर्डन यांनी १८५३ मध्ये एका क्रिकेट फ्रॉगला ‘ॲग्रिकोला’ असं नाव दिलं होतं. ते दीडशेहून अधिक वर्षं अडगळीत पडलं आणि २०१७ मध्ये पुन्हा वापरात आणलं गेलं. म्हणजे नवा वाटणारा बेडूक नवाच असतो असं नाही, त्याचं नाव एखाद्या जुन्या ग्रंथात आधीच छापलेलं असू शकतं. बंगळूरचे सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये दक्षिणेतल्या बऱ्याच बेडकांची वर्णनं प्रसिद्ध केली, पण त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले. नंतरच्या अभ्यासकांना केवळ वर्णनाच्या आधाराने त्या जागा धुंडाळाव्या लागल्या. झुडपी बेडकांच्या राओर्केस्टेस या जीनसला त्यांचंच नाव आहे. बाटलीतला एक नमुना जपण्याचं महत्त्व त्यांच्या वाट्याला आलेल्या या नुकसानाइतकं दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

आवाजाची साक्ष

मग या एकसारख्यांना वेगळं कसं काढायचं? बेडूक एकमेकांना कसे ओळखतात ते पाहावं. अंधारात, पावसात, शंभर नर ओरडत असताना मादी आपल्याच प्रजातीच्या नराकडे जाते ती आवाजाच्या खुणेवर. त्या खुणेत चूक झाली तर तिची वर्षाची वीण वाया जाते. म्हणून दोन प्रजाती दिसायला एक असल्या तरी त्यांचे आवाज वेगळे राहतात. आवाज ध्वनिमुद्रित करून संगणकावर त्याचं चित्र काढलं की त्यातले ठोके मोजता येतात. एका हाकेत किती, एका सेकंदाला किती, सर्वांत जोरकस स्वर कोणत्या कंप्रतेवर. तापमानाने ठोक्यांचा वेग बदलतो, म्हणून मुद्रणासोबत हवेचं आणि पाण्याचं तापमान लिहावं लागतं. तापमान न लिहिलेल्या ध्वनिमुद्रणाची तुलनेसाठीची किंमत निम्म्याने उतरते.

आवाजाने काय होऊ शकतं याचं दिघ्याला लागू पडणारं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. स्टेटन आयलंड हा त्या महानगराचाच भाग, दलदल, महामार्ग आणि कचराभूमीच्या शेजारचा. जेरेमी फाइनबर्ग या संशोधकाला तिथल्या लेपर्ड फ्रॉगचा आवाज खटकला. नेहमीच्या दोन ज्ञात प्रजातींसारखा तो नव्हता, एकच आखूड ‘चक्’ असा होता. २०१२ मध्ये जनुकांनी वेगळेपणाला दुजोरा दिला आणि २०१४ मध्ये राना कॉफेल्डी हे नाव जाहीर झालं. कार्ल कॉफेल्ड यांनी १९३० च्या दशकातच इथे तिसरी प्रजाती असल्याचं म्हटलं होतं, त्यांचं तेव्हा मानलं गेलं नाही. जगातल्या सर्वांत न्याहाळलेल्या शहरांपैकी एकात, कोट्यवधी लोकांच्या कानांवर पडणारा बेडूक एकविसाव्या शतकापर्यंत बिननावाचा होता. आपल्याकडे बेडकांचे अभ्यासक साहजिकच आंबोली, कोयना, महाबळेश्वर अशा ठिकाणी जातात, आणि त्याचं फळही मिळालं आहे. आंबोलीच्या जांभ्या चिऱ्यांच्या फटींत राहणारा इंदिराना चिरवासी २०१४ मध्ये, प्रा. हेमंत घाटे यांच्या नावाचा राओर्केस्टेस घाटेई २०१३ मध्ये. पण न्यूयॉर्कचा धडा असा की कारखान्यामागच्या डबक्यालाही तितकंच लक्षपूर्वक ऐकायला हवं. दिघ्यात नवी प्रजाती आहे असा माझा दावा नाही. तिथे काय आहे हे पुरेशा पुराव्यानिशी तपासल्याशिवाय ‘साधाच बेडूक’ म्हणणंही दावाच आहे, आणि तो अधिक कच्चा आहे.

‘मोबाईल सांगतो की’

यावर पहिला आक्षेप अगदी आजचा. फोटो टाकला की ॲप क्षणात नाव सांगतं, मग एवढी उस्तवार कशाला? ॲपचं ऋण मान्य करायला हवं. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठांमुळे कोट्यवधी नोंदी तारीख आणि जागेसह जमा झाल्या, आणि हे काम कुठल्याही एका संस्थेच्या आवाक्यातलं नव्हतं. पण ॲप फोटोवरून जवळचं चित्र शोधतं. ज्या दोन प्रजाती फोटोत वेगळ्या दिसतच नाहीत, त्यांच्यात निवड करायला त्याच्याकडे आधारच नसतो. मग तिथल्या नोंदींत जास्त वेळा आलेलं नाव पुढे येतं, ते पाहून दुसरा माणूस तेच लावतो, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं एकमत झालं की नोंदीला संशोधनयोग्य असा शिक्का बसतो. एकमत वाढतं, पुरावा तेवढाच राहतो. ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ मध्ये फ्रॉगआयडी सुरू केलं ते या अडचणीचा विचार करून. ते लोकांकडून फोटोऐवजी आवाज मागतं, आणि तो आवाज जाणकार माणसं ऐकून नाव ठरवतात. फोन तोच आहे, फक्त साक्षीदार योग्य निवडला आहे.

दुसरा आक्षेप जरा जाणत्यांचा: डीएनए तपासा, विषय संपला. बेडकांमध्ये बहुधा १६एस नावाच्या जनुकाचा तुकडा वाचतात आणि दोन नमुन्यांत साधारण तीन टक्क्यांहून जास्त फरक निघाला की सावध होतात. हा आकडा इशारा आहे, निकाल नव्हे. हे जनुक पेशीतल्या मायटोकाँड्रियातलं असल्याने फक्त आईकडून येतं, त्यामुळे दोन प्रजातींचा संकर झाला असेल तर बापाची बाजू त्यात दिसतच नाही. शिवाय आपला तुकडा तुलना करायचा कशाशी? सार्वजनिक संग्रहात ज्या नावाने अनुक्रम ठेवला आहे त्या नावाचा नमुना जर चुकीचा ओळखलेला असेल, तर प्रयोगशाळेतलं निर्दोष कामही चुकीच्या नावावर पोहोचतं. पुन्हा मूळ ठिकाणच्या बेडकाकडेच यावं लागतं. जनुक ही बलवान साक्ष आहे खरी, पण तिलाही बाकीच्यांचा दुजोरा लागतो.

इतकी नावं हवीत कशाला?

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो विचारणाऱ्याला उडवून लावू नये. एका बेडकाचे चार, चाराचे आठ करत राहणं हा अभ्यासकांचा हौशी खेळ नाही का? दिघ्यातल्या माणसाच्या पाण्याचे, घराचे प्रश्न बेडकाच्या नावाने सुटत नाहीत, हे खरंच. आणि काही नव्या प्रजाती पुढे जुन्यांत विलीन होतात, हेही खरं. प्रत्येक नाव हा पुढच्या पुराव्यापर्यंतचा अंदाज असतो.

पण संरक्षणाचे सगळे कायदे आणि सगळ्या याद्या नावावर चालतात. जावापासून कोकणापर्यंत पसरलेला एकच लिम्नोकॅरिस आहे असं मानलं की त्याची काळजी करायचं कारणच उरत नाही, एक डबकं बुजवलं तर काय बिघडलं? तोच बेडूक सह्याद्रीच्या एका छोट्या पट्ट्यापुरता आहे असं निघालं की हिशेब बदलतो. आंबोलीचा टोड याचा पुरावा आहे. कोयनेचा टोड १९६३ मध्ये सोमण यांनी वर्णन केला होता. आंबोलीच्या सड्यावरचा वेगळा आहे, हे २००९ मध्ये झँथोफ्रिन टायगेरिना या नावाने सिद्ध झालं, आणि तो नष्ट होण्याच्या अतिगंभीर धोक्यातला ठरला. पहिल्या सरींनंतर कातळावर साचणाऱ्या उथळ पाण्यात त्याची वीण होते, रस्त्यावरच्या गाड्यांखाली तो चिरडतो. वेगळं नाव नसतं तर हे नुकसान कोणाच्या खात्यावर मांडायचं होतं? २०२३ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात आहेत, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या गटांत हे प्रमाण सर्वाधिक. हा आकडा काढता येतो तोच मुळी नावं वेगळी केली म्हणून.

आणखी एक जुनं उदाहरण मुंबईचंच. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं नाव १९५५ मध्ये पश्चिम घाटातल्या एका रात्रबेडकाला देण्यात आलं, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. याच अब्दुलअलींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध आवाज उठवला आणि १९८७ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. त्यांच्या नावाच्या बेडकाची समागमाची पद्धत इतर ज्ञात बेडकांपेक्षा वेगळी असल्याचं कळायला मात्र २०१६ उजाडलं. नाव मिळून एकसष्ट वर्षं झाली होती. नाव हा अभ्यासाचा शेवट नसतो, तिथून पुढचे प्रश्न विचारता येतात.

दिघ्याच्या नोंदीत काय लिहावं

मग मोरीत बेडूक सापडला तर? त्याला बाटलीत भरून कोणाकडे पाठवू नये. नमुना गोळा करायला संशोधकालाही वनखात्याची परवानगी काढावी लागते. बाहेर सोडण्यासाठी तो पारदर्शक डब्यात घ्यावाच लागतो, त्या मिनिटभरात बरंच साधतं. हात ओले असावेत, त्यांना सॅनिटायझर किंवा साबण लागलेला नसावा, कारण बेडकाची त्वचा सगळं शोषते. वरून एक फोटो, कानाचा पडदा दिसेल असा बाजूने एक, आणि डब्याच्या बुडातून एक. हा तिसरा सहसा कोणी काढत नाही, पण पोटाकडेची रेघ, गळ्याचा रंग, बोटांमधले पडदे, टाचेचे उंचवटे हे सगळं त्यातच येतं. शेजारी मापासाठी नाणं ठेवावं आणि माप नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतचं धरावं, पाय वगळून. मग जिथे मिळाला तिथल्या जवळच्या ओल्या झाडोऱ्यात सोडून द्यावा.

खरी नोंद मात्र रात्री होते. जून-जुलैत, जोराची सर थांबल्यावर, डोंगराच्या बाजूच्या डबक्यापासून थोडं अंतर ठेवून फोनवर दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण. कारखान्याची घरघर आणि लोकलचा आवाज त्यात येईलच, त्याने बिघडत नाही. वेळ, जागा, तापमान आणि पाऊस कधी थांबला, एवढं लिहून ठेवावं. अशी नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतल्या किंवा पुण्यात आकुर्डीला असलेल्या झूलॉजिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रातल्या अभ्यासकापुढे ठेवली, तर तिच्यावर बोलता येतं. नुसत्या फोटोवर बोलता येत नाही.

आणि तरीही बहुतेक वेळा प्रजातीचं नाव मिळणार नाही. चामखिळी पाठ, पोटाच्या कडेची रेघ, काळा गळा आणि तीन सेंटिमीटर माप इतकं हाती असेल, तर आयनॅचरलिस्टच्या नोंदीत ‘सह्याद्रेन्सिस’ निवडण्याचा मोह आवरावा. चुकीची खात्री पुढच्या दहा जणांना चुकवते, आणि प्रामाणिक अर्धी नोंद दहा वर्षांनी कोणीतरी उघडून पूर्ण करू शकतं. त्यासाठी रकान्यात इतकंच लिहावं: मिनर्वार्या, प्रजाती अनिश्चित, पूर्ण वाढीचा नर, दिघा, पारसिक डोंगराचा पायथा, आवाजाचं ध्वनिमुद्रण सोबत जोडलं आहे.